अक्काच्या पेशी

१२ जून ९८
अक्काच्या छातीतली गाठ काढली. उशीर झालेलाच आहे. सर्जनना विचारून थोडा तुकडा प्रयोगशाळेत आणला. काल अक्काच म्हणाली, "घे की. माझं आंग खाऊन तुला डिग्री तर मिळू दे." हसली. मी नाही.

२३ जून
पेशी फ्लास्कच्या तळाला चिकटल्या. तुलनेसाठी शेजारी निरोगी पेशी, माझ्याच दंडाच्या कातडीच्या. माझ्या एकमेकींना टेकल्या की थांबतात. अक्काच्या थांबत नाहीत, एकमेकींवर चढतात.

९ जुलै
अक्का गेली. गावी नेसरीला नेलं. आमच्यात पुरतात. बसवून, डाव्या तळहातावर इष्टलिंग.
अव्वाने, आमच्या आईने, खड्ड्याशीच विचारलं, "काढल्याली गाठ कुठं हाय? समदा देह मातीला द्यायचा असतोय."
"थोडी माझ्याकडे आहे."
"आण मग. पुरूया."
"अव्वा, ती जिवंत आहे."
ती बघत राहिली.

१३ जुलै
कोल्हापूरला प्रयोगशाळेत परत आले. अक्काच्या फ्लास्कमधला पोषक द्रव लालचा पिवळा झालेला. म्हणजे जोरात वाढ. माती देत होतो तेव्हाही चालूच.

१९ जुलै
दोन्ही फ्लास्कच्या द्रवातून सीरम (रक्ताची निवळ) वगळलं. वाढीचा निरोप त्यातून येतो. पेशीच्या पडद्यावरचं ग्राही प्रथिन तो घेतं, आत एक प्रथिन दुसऱ्याला जागं करतं, असं केंद्रकापर्यंत. निरोप नाही तर विभाजन नाही. माझ्या पेशी थांबल्या. अक्काच्या नाहीत.
माझे मार्गदर्शक सर : "स्वतःच निरोप सोडतात, स्वतःच ऐकतात. जपा. अशा पेशी पुन्हा हाताला लागत नाहीत."
अक्का चुलीपुढे एकटीच बोलायची. (कामाची नोंद नव्हे.)

२६ जुलै
अक्काच्या फ्लास्कमधला वापरलेला द्रव गाळून माझ्या थांबलेल्या पेशींना दिला.
विभागायला लागल्या.
पुन्हा केलं. तेच.

१ ऑगस्ट
अव्वा आली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ.
"हालत न्हाय."
"वाढतंय."
"कशावर?"
"मी द्रव बदलते."
"म्हंजे तू खायला घालतीस तिला." मग शांतपणे, "सोमवारी घिऊन ये गावाकडं. पोरगी आर्धी मातीत, आर्धी बाटलीत. तिनं जायचं कुठं? तुला जमत न्हाय तर सांग, मी नेतो."

२ ऑगस्ट
सर म्हणतात, गोठवून ठेवू. झोपतील, हव्या तेव्हा उठवता येतील. हे अव्वाला सांगण्यासारखं नाही. अक्काच्या सगळ्या पेशी एकाच फ्लास्कमध्ये. राखीव म्हणून दुसरा भरला नाही. विसरले असं नाही.

३ ऑगस्ट, सोमवार
फ्लास्क बंद करून, कापडात गुंडाळून पदराआड अंगाशी धरला. पेशींना लागतात ते सदतीस अंश दुसरीकडे कुठे मिळणार. गडहिंग्लजला उतरले. नेसरीची गाडी लागली आहे, कोल्हापूरचीही. कंडक्टर ओरडतोय, "बसा की बाई, का हितंच ऱ्हाताय?"
पुरायलाच न्यायचा, तर इथवर ऊब कशासाठी दिली?