वाघीण, इस्त्री आणि कात्री

चि. दिगंबरास इंदुताईचे अनेक आशीर्वाद. दिवाळीपासून एक ओळ नाही, तेव्हा स्वतःचं नावही विसरला असशील, म्हणून कांचनला ते पाकिटावर ठळक घालायला सांगितलंय. तुला बहीण आहे आणि ती भोपाळला कारखान्याच्या क्वार्टरात नातीपाशी, या कांचनपाशी, असते, हेही कळवते. गुडघे सोडून मी बरी. तुझी बीपीची गोळी चालू आहे ना? (खरं उत्तर तुझ्या बायकोकडून, सुमित्राकडून घेईन.)

तू इंदूरहून पाठवलेले नमुन्याचे दहा टी-शर्ट पोचले, पाच सुती, पाच पॉलिएस्टर. इथल्या बायकांच्या रस्सीखेच संघासाठी कांचनला चाळीस छापायचे आहेत, छातीवर वाघीण. (संघातल्या बायका पाहता वेगळी वाघीण कशाला, देव जाणे.) तिची ही पहिलीच ऑर्डर. छापायच्या रीती दोन. ट्रान्सफर पेपरवर चित्र काढायचं आणि घरच्या इस्त्रीनं सुती कापडावर चिकटवायचं. दुसरं सब्लिमेशन, त्यात रंगाची वाफ होऊन कापडात मुरते, पण पॉलिएस्टरच्याच; सुतीशी तिची सोयरीक जमत नाही. त्याचं मशीन कोलार रोडला छपाईवाल्या काशिनाथकडे. पोरीनं दोन्ही करून पाहिलं. इस्त्रीखाली टी-शर्ट पापडासारखा आक्रसला, वाघिणीचं तोंड वाकडं. मशीनमधली वाघीण एका धुण्यात आजारी मांजर झाली. (मी आपटली नाही, नुसती खळबळली.) आता म्हणते, दोन्ही रीती खोट्या, ऑर्डर परत करते आणि पुण्याला नोकरी बघते. मला विचारशील तर दोष तुला टी-शर्ट विकणाऱ्या त्या दुकानदाराचा. जाऊन चांगला झाप त्याला.

तुझी इंदुताई

ता. क. वरचं कांचननं लिहिलं; ती पुण्याचं तिकीट आणायला गेलीय, म्हणून हे शेजारची निर्मला लिहितेय. (फोन केला असता, पण पोरगी स्पीकर लावते.) दुकानदाराला काही बोलू नकोस. टी-शर्टांच्या मानेतल्या त्या पट्ट्या टोचतात, म्हणून दहाही मीच कात्रीनं कापल्या आणि सगळे एका ढिगात घातले. कापड कुठलं ते त्यांवर लिहिलेलं असतं, हे मला काय ठाऊक? पोरीची इस्त्री पॉलिएस्टरवर फिरली आणि मशीन सुतीवर. हात लावून मी ओळखलं असतं, पण मग कात्रीही कबूल करावी लागली असती. पोरगी पुण्याला निघायच्या आत नवे दहा पाठव आणि सोबत लिही की पहिले दुकानातच मिसळले होते. खोटं मीच लिहिलं असतं, पण मला लिहिता येत नाही.

आणखी ता. क. टी-शर्टांबरोबर अर्धा किलो लवंगेची शेवही पाठव. पाव किलो निर्मलासाठी वेगळी बांध, चांगली तिखट. तिचं तोंड खाण्यात गुंतलेलं बरं.