कव्हर

११ मे
उद्या मामांच्या घराचा स्लॅब. संगमनेरपुढच्या अकोल्याला जायला हवं, पण इथे नगरच्या साइटवर साहेब येणार. मिस्त्रींना फोन केला, "सळईला कव्हर घातलं का?"
"व्हय ताई, घातलं की. निवांत ऱ्हा."
फोटो मागवणार होते. राहिलं.

१२ मे
मामांचा फोन. "स्लॅब पडला एकदाचा!"
मी म्हटलं, "मामा, झाला म्हणा. पडला काय!" खूप हसले. मजुरांना मामीनं मटण घातलं. माझा वाटा बुडाला.

३ जून
अकोल्याला आले. स्लॅबखालच्या फळ्या काढल्या. वर पाहिलं. छताला सळयांच्या रेघाच रेघा, दोन खोल्यांत सळई उघडीच. सळईखाली काँक्रीटचं कव्हर राहावं म्हणून ठोकळे ठेवायचे असतात, ते ठेवलेच नाहीत. सळई थेट फळ्यांवर.
मिस्त्री म्हणाले, "कव्हर घातलं हुतं की! आभाळ आलं हुतं, तुमच्या फोनाआधीच सळईवर नवी ताडपत्री टाकली. ठोकळे कुठं म्हनला तुमी?"
खरंच, ठोकळे म्हटलंच नव्हतं. ओरडायला तोंड नव्हतं.
मामी, "ह्या रेघा कशाच्या गं?"
"प्लास्टर झालं की दिसणार नाहीत."
खोटं बोलले नाही. खरंही नाही.

४ जून
आज काही होणार नाही, माहीत आहे. पण अकोल्याचा पाऊस, ती ओल. सळई गंजणार, फुगणार, खालचं काँक्रीट सुटणार. हॉलच्या मधोमध मामीनं पाळण्यासाठी कडी ठेवून घेतली आहे. सून बाळंतपणाला माहेरी गेलीय.
दुरुस्ती होते. पण प्लास्टर थांबवायचं, म्हणजे आषाढी पौर्णिमेचा गृहप्रवेश हुकणार. भंतेजींना सांगून झालंय. आणि मामांना सांगायचं...

७ जून
मामा शेजाऱ्यांना घर दाखवत होते. "इंजिनेर भाचीनं जातीनं लक्ष घातलंय. शंभर वर्सं हलत न्हाई." मी मान डोलावली. स्वतःची किळस आली.

९ जून
काल नगरला परतले. सकाळीच मामांना फोन केला. प्लास्टरवाले आलेले, मागे घमेल्यांचा आवाज. सगळा धीर गोळा करून म्हटलं, "मामा, छताला कव्हर राहिलंय."
"व्हय की गं, म्हनून तर ही मानसं लावलीत. सांजच्याला समदं झाकून टाकत्यात."
"बरं," म्हटलं. बरं!
एसटीत बसलेय. आत्ता कुठे संगमनेर. मामांचे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत. समोर उभं राहूनच सांगायचं. हॉलपासून सुरुवात केली नसेल तर बरं.