विहिणीवरचं राहिलेलं गाणं

सोमवार, ३ मार्च
चॅनेलवाल्यांचा फोन आला! आपलं गुजराती चॅनेल — सकाळी आरती, दुपारी फरसाण करायला शिकवतात ते. रविवारी अकरा वाजता मी फटाणी गायची. थेट प्रक्षेपण. अख्ख्या लेस्टरमध्ये लग्नात विहिणीला गाऊन शिव्या घालणारी मीच एक उरले म्हणे. हेत्वी, आजीला हसू नकोस, लिही.

बुधवार, ५ मार्च
साडी ठरली. हिरवी.
नाही, जांभळी.

गुरुवार, ६ मार्च
चहा देताना निमिषा — माझी सून — हळूच म्हणाली, "बा, मम्मी हा कार्यक्रम कधी चुकवत नाही."
सोळा वर्षांपूर्वी हिच्या लग्नात मी झाडून सगळ्यांवर गायले. मामा, मामी, बँडवालासुद्धा. हिच्या आईला, इंदुमतीबेनला, तेवढं वगळलं. ती युगांडातल्या कंपालाची शाळामास्तरीण, मी अंगठेबहाद्दर. आदरानं सोडलं हो. तिला वाटलं, शिवी घालण्याइतकंही मी तिला आपलं मानलं नाही. तीन गल्ल्या सोडून राहते, पण या उंबऱ्याला पाय लावलेला नाही. हेत्वीच्या वाढदिवसालाही नाही.

शनिवार, ८ मार्च
कार्यक्रमवाला केयूर फोनवर म्हणतो, "बा, कुणाचं नाव घेऊ नका हां. लोक तक्रारी करतात."
"बेटा, नावाशिवाय फटाणं म्हणजे मिठाशिवाय ढोकळा."
"तरी पण, बा."
"बरं."
बरं म्हणजे ऐकू आलं. एवढंच.

रविवार, ९ मार्च
गायले! तोंडाला इतकी पावडर फासली की मी नानखटाईसारखी दिसत होते. पहिली दोन निनावी. तिसऱ्याला घेतलं नाव —
इंदुमती विहीण, तिचं नाक केवढं लांब,
दारातून मावेना, तर बाहेरच थांब!
केयूरचा चेहरा पाहण्यासारखा. घरी आल्यावर निमिषा नुसती फोनपाशी बसली. तो काही वाजला नाही.

सोमवार, १० मार्च
आजही नाही. खिचडी गेली नाही.

मंगळवार, ११ मार्च
हेत्वी शाळेत आहे. आज लेखणी दुसऱ्या हातात. ही बाई शब्दाशब्दाला अडते. नाक दारातून मावलं म्हणून लिही म्हटलं, तर म्हणते, "संतोकबेन, ते नाकाचं मी लिहिणार नाही."
मास्तरीणबाई, या घरात मी सांगते तेच लिहायचं.