डावी रॅक, उजवी रॅक

बाबा, आज पुन्हा कम्प्युटरवर त्या दोन चौकटी उघडल्या आणि बोट आपसूक पाचव्या, नकलेच्या बटणावर गेलं. फायली हलवायला मला अजून माउस चालत नाही. तोच निळा पडदा, डावीकडे एक यादी, उजवीकडे एक, आणि बोटं. सून हसते. हसू दे बापडी.

आठवतं, माजरीच्या कोळसा खाणीचं ऑफिस. तुम्ही रेकॉर्डरूम सांभाळायचे, मी तिथंच टेम्परवारी टायपिस्ट, आणि ऑफिसात पहिलाच कम्प्युटर आलेला. तुम्ही दारात उभे आहात, कोपरापर्यंत धूळ. निळ्या पडद्याकडे बघता आणि एकदम म्हणता, "अवो माय, ह्या तं आपल्या दोन रॅका हायेत!" इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं तुम्हाला. मला आठ दिवस शिकवूनही जे उमगलं नव्हतं, ते तुम्हाला उभ्या उभ्या दिसलं.

त्या दिवशी खाणीत शेतं गेलेल्या लोकांची यादी मी टाइप करून संपवली होती. त्या यादीवरून त्यांना नोकऱ्या लागणार होत्या, आणि मूळ कागद वाळवीनं इतके खाल्ले होते की टाइप करतानाच त्यांचा चुरा झाला. सहावं बटण दाबून मी ती फ्लॉपीवर हलवली. डावीकडून गेली, उजवीकडे आली. तुमचा चेहरा उतरला. रॅकमधून फाईल काढली की तिच्या जागी चिठ्ठी ठेवायची, हा तुमचा जन्माचा नेम. "चिठ्ठी नाई ठेवली काऊन?"

"इथी चिठ्ठ्या नाई लागत बाबा, तुमाले नाई समजत त्यातलं," मी खेकसले, आणि डबा खायला गेले. नंतर जीपवाला फ्लॉपी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या ऑफिसातून निरोप आला, फ्लॉपी उघडतच नाही. साहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. उगीच डावी चौकट उघडली, तर यादी तिथंच! साहेबांनी विचारलं, "कोणी ठेवली?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मीच, सर. नक्कल असावी म्हणून." तुम्ही दारातच होते, छातीशी फायली धरून. मग रॅकांकडे वळले.

संध्याकाळी सायकलवर, मागं न बघता तुम्ही म्हणाले, "चिठ्ठी कुठी ठेवतेत ते मले सापडलं नाई वो. म्हणून अख्खी यादीच ठेवून देल्ली." मी डबा खात होते तेव्हा चौकट बदलायचं बटण, मग पाचवं, मग एंटर. फक्त माझी बोटं बघून शिकले होते तुम्ही! मागच्या कॅरिअरवर बसून मी थक्क झाले होते, आणि तरी साहेबांना खरं सांगायला गेले नाही.

त्या लोकांना नोकऱ्या लागल्या. मीही पक्की झाले, त्याच नकलेच्या नावावर. "माह्या पोरीनं वाचवलं," म्हणत ऑफिसभर पेढे तुम्हीच वाटले.

हे पत्र डावीकडे ठेवलंय, उजवीकडे नक्कल. तुम्ही तर गेले, धाडायचं कुठं? साहेबांचं सोडा बाबा, आईलाही मी "मीच" असंच सांगितलं होतं. ती गेली, तेव्हाही तिला तेच ठाऊक होतं.