पाचशे पट वाकलेलं छप्पर

प्रिय बाबा,

फोनवर मी 'छप्पर' म्हटलं की तुम्ही घाईघाईने फोन आईच्या हातात देता आणि आई मला भाजीचे भाव सांगत बसते. म्हणून हे पत्र. हे आईकडे ढकललंत तर ती मोठ्याने वाचून दाखवेल, तेव्हा आपलं आपणच वाचा.

नव्या नाट्यगृहाच्या छपराचं गणित मी केलं, या आनंदात मी ते रंगीत चित्र तुम्हाला पाठवलं. तुम्ही चष्मा लावून पाहिलंत, तर छप्पर मधोमध खचून प्रेक्षकांच्या मांडीवर आलेलं आणि रंगमंचाच्या वरचा काठ लालभडक! लगेच तुम्ही तुमच्या नाटकाच्या दिग्दर्शकांना कळवलंत, की पोटच्या पोरीचं छप्पर असलं तरी त्याखाली मी न्यायाधीशाची भूमिका करणार नाही. पोटच्या पोरीला हे दिग्दर्शकांकडून कळलं.

अहो, ते वाकणं चित्रात पाचशे पट वाढवलेलं आहे. खरं छप्पर वाकतं जेमतेम तुमच्या करंगळीच्या रुंदीएवढं. तेवढं दिसणार कसं, म्हणून आम्ही फुगवून दाखवतो, तुम्ही पाहुण्यांना माझ्या शाळेतल्या बक्षिसांचं सांगता तसं. आणि लाल म्हणजे धोका नव्हे. जिथे ताण सगळ्यात जास्त तिथे संगणक लाल रंग देतो, मग तो ताण आरामात झेपणारा का असेना.

असं छप्पर म्हणजे पातळ कवच. संगणकात आम्ही त्याची जाडी काढतच नाही. जाडीच्या बरोबर मधून जाणारा नुसता पृष्ठभाग काढायचा, त्याचे बारीक चौकोन पाडायचे आणि जाडी आकड्यात सांगायची. प्रत्येक चौकोनाला पाठ आणि पोट असतं. पहिल्या खेपेला माझे निम्मे चौकोन उताणे पडले होते, त्यामुळे वारा अर्ध्या छपराला दाबत होता आणि अर्ध्याला उचलत होता. छप्पर धुतलेल्या चादरीसारखं पिळून निघालं. दुसऱ्या खेपेला मी ते खांबांवर टेकवायलाच विसरले, तर ते संगणकाच्या पडद्यावरून चक्क निघून गेलं. आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी शांतपणे एवढंच विचारलं, की गेलं कुठे. हे सगळं निस्तरल्यावर त्यांनी स्वतः वेगळ्या पद्धतीने ताडून पाहिलं आणि मगच सही केली.

तुमच्या समाधानासाठी दिग्दर्शकांनी प्रयोग शाळेच्या हॉलमध्ये हलवायची तयारी दाखवली. साधे पत्रे, माझा हातही न लागलेले. तर म्हणे पत्रे फार तापतात. मग उघडं मैदान सुचवलं, तर म्हणे उघड्यावर घसा बसतो. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. छप्पर बदललं, छप्पर काढूनच टाकलं, तरी उत्तर तेच येतंय, म्हणजे भार भलतीकडेच आहे. मी आईला खोदून खोदून विचारलं. सगळ्या भाज्या संपल्यावर ती बोलली.

तालमीत निकालाचं भाषण करताना तुम्ही मध्येच थांबलात आणि पुढचं काही केल्या आठवेना. सगळे वाट बघत राहिले. त्या दिवशी तुम्ही घरी येऊन जेवला नाहीत. त्याच आठवड्यात माझं चित्र तुमच्या हाती आयतं लागलं.

हे ऐकून मला रडू आलं, बाबा, आणि रागही आला. माझ्या छपराची बदनामी केलीत ते चालेल, पण मला सांगितलं नाहीत. रविवारी तुमची भूमिका औषधाच्या दुकानवाल्यांना द्यायची ठरलीय. त्यांना सगळं पाठ आहे, पण जन्मठेप अशी सुनावतात, जणू गोळी जेवणानंतर घ्यायची आहे. न्यायाधीश तुम्हीच. मी रजा टाकलीय आणि तुम्ही येताय असं दिग्दर्शकांना परस्पर कळवलंय. तालमीला आणि प्रयोगाला विंगेत पुस्तक घेऊन मी उभी राहणार. अडलात की माझ्याकडे बघा, पुढचं वाक्य मी देईन. तुम्ही घाई करू नका. लोकांना वाटेल, न्यायाधीश विचार करताहेत.

तुमचीच,
थोरली