तुळशीचं पान

जळगाव, गुरुवार, संध्याकाळ

आज आणलं: ड जीवनसत्त्वाच्या शाकाहारी गोळ्या चार, एकशे चाळीस रुपये. फुलवाती, वीस रुपये.

मागच्या महिन्यात सासूबाईंना सारखी सर्दी होत होती. डॉक्टर म्हणाले, ड जीवनसत्त्व फार कमी आहे, प्रतिकारशक्तीला आधार म्हणून आठवड्याला एक गोळी द्या. दुकानदाराने विचारलंही होतं, "साधी देऊ की शाकाहारी?" मला वाटलं, महागातली खपवतोय. साधी घेतली. साठ रुपये वाचले म्हणून केवढी खूश होते मी!

आज त्याने पुन्हा विचारलं तेव्हा फरक विचारला. साधीचं कवच जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात म्हणे.

जन्मात अंड्याला हात न लावलेली बाई. त्यात प्रत्येक गोळी आधी देवापुढे ठेवणार, वर तुळशीचं पान, मग गिळणार. चार गोळ्या, चार पानं. पानं मीच खुडून दिली. म्हणजे देवालाही मीच...

आज नवी दिली तर हसून म्हणाल्या, "माले आते बरं वाटस व. तुना हातले गुण शे." मला वर बघवेना. सांगितलं तर औषधच सोडतील. न सांगावं, तर ते पान डोळ्यांपुढून हलत नाही.

शिरपूरला नणंदेला पत्र लिहिलं. फोनवर बोलले तर सासूबाई ऐकतील. "अक्का, आई तुमच्या. सांगायचं की नाही, तुम्हीच ठरवा. पुढच्या गुरुवारी त्या पुन्हा पान मागतील, त्याआधी उलट टपाली कळवा."