पडद्यावरचे हात

लॉस एंजेलिस
सोमवार, २५ सप्टेंबर १९५०

प्रिय लायल,

पाकिटावरचं अक्षर बघून हे पत्र चुलीत टाकायला तुझा हात शिवशिवला असेल. आधीची सगळी तू तशीच टाकलीस, आत्यानं कळवलंय मला. हेही टाक, पण वाचून मग टाक. विमानाच्या टपालानं धाडतोय, म्हणजे गुरुवारी, फार तर शुक्रवारी तुझ्या हातात पडेल. रविवारच्या आत ते पडायलाच हवं.

तुझी वेर्ना आत्या बोलते तशीच लिहिते, मध्ये श्वास म्हणून घेत नाही. मक्याचं पीक, तिचा गुडघा, पाद्रीबुवांची नवी कवळी, आणि या सगळ्याच्या मधोमध तू. म्हणते, अमोस, पोरगा विरघळला रे! तुझा सिनेमा गावात लागल्यापासून नऊ वेळा बघून आला. तिकीट देणारी पोरगी त्याला चिडवते, की काय हो, हिरॉइन भरली वाटतं मनात, सांगू का बायकोला, नॉरीनला? तर हा हसत नाही की लाजत नाही, खिशातली वही चाचपत आत जातो. आत्याला वाटतंय तुला बापाचा अभिमान वाटायला लागला. मग सहज म्हणून तिनं पुढं लिहिलंय, की टायरच्या कारखान्यातून काढल्यापासून तू चर्चला येत नाहीस, प्रवचनाच्या वेळी तुझा ट्रक बँकेसमोर उभा असतो, आणि तू तिला विचारलंस, की आत्या, तू शनिवारी बँक झाडायला जातेस ना, आत अजून तीच जुनी तिजोरी आहे का गं? तिनं तुला सांगूनही टाकलं. भोळी आहे बिचारी, तिच्यावर रागवू नकोस.

ती ओळ मी पुन्हा वाचली. मी असाच बसायचो रे गाडीत, टोपी डोळ्यांवर ओढून, झोपल्यासारखा. कोण किती वाजता वळतं, कोणाचं कुत्रं भुंकतं, सगळं डोक्यात. आणि या रविवारी चर्चमध्ये सुगीचं जेवण. अख्खं गाव तळघरात कोंबडी आणि भोपळ्याच्या गोड पक्वान्नावर तुटून पडलेलं, शेरीफ सगळ्यात पुढं, दुपारी तीनपर्यंत रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी तुझ्या जागी असतो तर हाच रविवार धरला असता. नॉरीनला तू म्हणालास म्हणे, की तू जा आत्याबरोबर, माझं डोकं दुखणार आहे. अरे गाढवा, डोकं रविवारी दुखणार हे तुला बुधवारीच कसं कळलं? नॉरीनच्या लक्षात आलं नाही, आत्याच्याही नाही. माझ्या आलं.

तू आणि मी धड बोललो ते शेवटचं सेहेचाळीस साली, तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत. तू लष्कराच्या वर्दीत होतास. मी तुला ओळखलंच नाही, पहारेकऱ्यानं दाखवलं, तो बघ तुझा. सात वर्षांचं पोर सोडून गेलो होतो मी, आणि समोर माझ्यापेक्षा वीतभर उंच माणूस. तू एकच प्रश्न विचारलास. चोरीतल्या जोडीदाराचं नाव सांगितलं असतंस तर दोन वर्षांत घरी आला असतास, आई एकटी मेली नसती. तो माणूस आपला कोण लागत होता? मी म्हणालो, माणसानं नाव सांगायचं नसतं. तू टोपी घातलीस आणि निघून गेलास. मला फार वाईट वाटलं. पण तेव्हाही मला ते बरोबरच वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

मग पॅरोलवर सुटलो तो या सिनेमामुळं. हॅलोरन म्हणून दिग्दर्शक आहे, सिगार न पेटवताच चघळत बसतो. त्याला चोवीस सालची बँक उभी करायची होती, चोवीस सालच्या गाड्या, हॅट, टेलिफोन, आणि त्या काळातला एक जिवंत तिजोरीफोड्या. म्हणाला, बाकी सगळे मेलेत, तूच उरलास, ये. पॅरोलवाल्यांनी नोकरीचं पत्र बघितलं आणि अट घातली, की कॅलिफोर्नियाच्या हद्दीबाहेर पाऊल टाकलंस तर उरलेली नऊ वर्षं आत. मी म्हटलं, जायचंय कुणाकडे मला?

तिथं माझी मजाच झाली, लायल. माझं पाप मला रंगरंगोटी करून दाखवत होते आणि वर दुपारचं जेवण देत होते. हिरो देखणा, पण हात कसे? लोण्याचे. अवजार हातात घेतलं की चमचा धरल्यासारखं धरायचा. हॅलोरननं कपाळावर हात मारला, म्हणाला, याचा चेहरा घेऊ आणि म्हाताऱ्याचे हात घेऊ. अंधाऱ्या तळघरात हात काळे दिसायला लागले, म्हणून मेकअपवालीनं त्यांना पांढरी पूड फासली. मला म्हणाली, आजोबा, हलू नका हं, आज तुमच्या हातांचं लग्न आहे. तर ती बारा मिनिटं, ज्यात कोणी बोलत नाही, संगीत नाही, नुसते हात आणि तिजोरी, ती तू नऊ वेळा बघितलीस. ते हात माझे आहेत. माझ्या वाकड्या करंगळीवरून तू ओळखलं असशीलच.

तुला सायकल शिकवली नाही, दाढी करायला शिकवली नाही. तू नांगरणी शिकलास ती शेजाऱ्याकडून. आणि आता काळोखात वही घेऊन माझ्या हातांकडून शिकतोयस! हे मनात आलं आणि काय सांगू, क्षणभर मला बरं वाटलं. माझी मलाच शरम वाटते लिहायला, पण वाटलं खरं.

आता नीट वाच. सिनेमाची तपासणी करणारी मंडळी इथं असतात, मुभा देणारी, कात्री लावणारी. त्यांनी पटकथा वाचून हॅलोरनला बजावलं, की तिजोरी खरोखर कशी फोडतात हे बघून कुणी शिकता कामा नये. हॅलोरन चिडला, त्याला ती बारा मिनिटं सोडायची नव्हती. तेव्हा मीच पुढं झालो. म्हटलं, साहेब, काळजी सोडा, दोन पायऱ्या मी उलट्या करतो, बघणाऱ्याला काही कळायचं नाही. तसंच केलं. सेटवर कोणाच्या बापाला पत्ता लागला नाही. पडद्यावर ते इतकं खरं दिसतं, की धंद्यातला माणूसही फसावा. लायल, त्या क्रमानं केलंस तर तिजोरीचं दार उघडायच्या आधीच दार उडवायला भरलेलं रसायन तुझ्या छातीशी उडेल. माझी अक्कल त्या वेळी एवढ्यावरच थांबली. वाटलं, नक्कल करणाऱ्याला चांगली अद्दल घडेल.

मेमध्ये नेब्रास्कातल्या एका खेड्यात दोघा भावांनी करून बघितलं. धाकटा जागीच गेला. थोरल्याचे डोळे गेले, हातही. पेपरात चार ओळी होत्या, शेवटच्या ओळीत होतं, की पोरांच्या खिशात सिनेमाची तिकिटं सापडली. कात्रण घेऊन मी हॅलोरनकडे गेलो. त्यानं ते दोनदा वाचलं, म्हणाला, अमोस, आपण काही त्यांना बोलावलं नव्हतं.  त्या दिवसापासून ते कात्रण माझ्या खिशातच आहे. आणि परवा आत्याचं पत्र आलं.

तर आता तुला कळलं. पण एवढ्यानं भागणार नाही, हे मी जाणून आहे. तू माझा मुलगा आहेस. दोन पायऱ्या चुकीच्या आहेत म्हटल्यावर तू वही उघडून बसशील, आणि बरोबर क्रम कुठला ते आज ना उद्या शोधून काढशील. घरात चूल जेमतेम पेटते, नॉरीनला सातवा महिना, तुला कारण कमी नाही. मग तू मरणार नाहीस, माझ्यासारखा होशील. तुझं पोर सात वर्षांचं होईल आणि तू भेटीच्या खोलीत बसशील. मी ते जगून बसलोय, लायल. त्यापेक्षा मला काहीही चालेल.

म्हणून या पत्राबरोबर मी आणखी एक पत्र पेटीत टाकतोय, तुमच्या शेरीफला. खाली सही नाही. त्यात लिहिलंय, की अमोस केटरिंग, वय एकसष्ट, पॅरोलवर सुटलेला जुना तिजोरीफोड्या, येत्या रविवारी चर्चमध्ये जेवण चालू असताना गावची बँक फोडणार आहे. उद्या सकाळच्या गाडीनं मी निघतोय. गाड्या बदलत शनिवारी तुमच्या गावाअलीकडच्या जंक्शनवर उतरेन आणि रविवारी बाराच्या सुमाराला अवजारांची पिशवी घेऊन बँकेच्या मागच्या दाराशी येईन, पिशवीत काही नसलं तरी चालेल. ते माझी वाट बघत असतील. दुसऱ्या आठवड्यापासून तिथं पहारा बसेल आणि ती जुनी तिजोरी बदलतील, म्हणजे तुझी वहीसुद्धा कामातून गेली. जन्मभर मी कुणाचं नाव सांगितलं नाही, तुझी आई गेली तरी नाही सांगितलं. आता सांगितलं, माझंच. तू एवढंच कर. अकराला चर्चला जा, नॉरीनशेजारी पुढच्या बाकावर बस, सगळ्या गावाला दिसू दे. जेवायला थांब, दोनदा वाढून घे. मला रस्त्यावरून नेतील तेव्हा लोक बाहेर येतील, तूही ये, पण जवळ येऊ नकोस आणि रडू तर मुळीच नकोस. लोक मला शिव्या घालतील. तूही घाल. मनापासून घाल, लायल, म्हणजे कुणाला शंका यायची नाही.

तू मला नाकारलंस तरी तुझाच,
तुझा बाप
अमोस